दोन दोरे

लोणावळ्यात महिपतीच्या क्लॅरनेटला नाव ठेवणारा माणूस सापडला नसता. आणि सापडला असता तर महिपतीने त्याच्याशी जन्मभर अबोला धरला असता. खंडाळ्यापासून वडगावपर्यंत लग्न कुणाचंही असो, वरातीपुढे बँड त्याचाच. अंगात लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर आणि चालण्यात असा रुबाब, की नवरदेव नक्की कोणता हे नवख्या माणसाला विचारून घ्यावं लागे.

त्यातून त्याला जॅझ येत असे. हे तो स्वतःच सांगे, म्हणून सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. पन्नास-बावन्न साली रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये शनिवारी साहेबलोकांचा नाच होई आणि एक गोवेकर गार्ड तिथे सॅक्सोफोन वाजवी. महिपती आधी खिडकीबाहेरून ऐकायचा, मग दाराशी उभा राहून, मग एके शनिवारी आत जाऊन बसला. गार्डने त्याला कागदावरचे सूर वाचायला शिकवलं आणि जॅझ म्हणजे काय तेही सांगून टाकलं. ‘गाणं म्हणजे घर. घरी तर यायचंच. पण रोज त्याच वाटेनं आलास तर तू पोस्टमन.’ पुढे गार्डची बदली झाली, नाच बंद पडले, आणि पुणे ते कर्जतच्या दरम्यान जॅझ जाणणारा आपण एकटाच उरलो, असं महिपतीने मनाशी ठरवून टाकलं. वरातीत मधूनच तो दोन-चार वाकड्या वाटा घेई. वऱ्हाडी म्हणत, मास्तर आज रंगात आलेत.

बँडात त्याची एक शिस्त होती. क्लॅरनेटच्या तोंडाखाली बोटभर लांबीचं एक कांडं असतं. ते बाहेर ओढलं की सूर उतरतो, आत दाबलं की चढतो. सांध्यावर मेणाचा दोरा गुंडाळलेला असतो, त्यामुळे किती ओढलं ते दोऱ्याच्या वेढ्यांवर मोजता येतं, एक दोरा, दोन दोरे. वरात निघण्याआधी सगळे क्लॅरनेटवाले ओळीने उभे राहून आपापलं वाद्य मास्तरापुढे धरत. महिपती प्रत्येकाचं कांडं स्वतःच्या हाताने लावी, एक फुंकर मारून बघे आणि परत देई. त्यानंतर वरात दारी लागेपर्यंत कांड्याला कुणी हात लावायचा नाही. एकदा कामशेतला एकाने लावला, तर महिपतीने त्याला मुलीच्या मामादेखत थोबाडीत दिली होती.

भिमाजी या बँडात झांज वाजवी. अकरा वर्षांपूर्वी तोही क्लॅरनेट वाजवायचा, पण त्याचा सूर चढा. फार नाही, केसभर. महिपतीने पेटीची पांढरी पाच लावून दिली तरी दहा पावलं चाललं की याचा सूर ओठातल्या ओठात वर सरके आणि मास्तर भर रस्त्यात ओरडे, “भिमाजी, चढलास!” वरातीतल्या बायकांना वाटे हा पिऊन आला आहे. ज्याने आयुष्यात थेंब घेतला नव्हता त्याचं नाव अख्ख्या मावळात ‘चढा भिमाजी’ पडलं. शेवटी महिपतीने त्याच्या हातात झांज दिली. भिमाजीने ती घेतली आणि मान डोलावून म्हणाला, “बराबर हाय मास्तर. माझ्या कानातच खोट हाय.” त्याचं जुनं क्लॅरनेट मात्र त्याच्याकडेच राहिलं. रेल्वेच्या गाड्यांना वीज देणाऱ्या सबस्टेशनात तो पाळीवर असे. तिथे आवाजाने झोपमोड व्हावी असं कुणी नव्हतं, म्हणून हातात काम नसलं की तो ते वाजवत बसे.

आता एवढं सगळं सांगून झालं म्हणजे सत्तर सालच्या डिसेंबरात काय झालं ते सांगता येईल.

पेसीशेठ हा मुंबईचा पारशी. लोणावळ्याच्या मावळतीच्या अंगाला त्याचा बंगला होता, आणि रेडिओची यंत्रं जोडण्यात निम्मं आयुष्य घालवून झाल्यावर तो तिथे येऊन राहिला होता. त्याने महिपतीला बोलावणं पाठवलं. महिपतीला वाटलं लग्न आहे. पाहतो तर दिवाणखान्यातली सगळी खुर्च्या-टेबलं भिंतीला सरकवलेली, मधे लाकडी फळ्यांवर बटणांची आणि काट्यांची खोकी, जमिनीवर वायरींचं जाळं आणि खिडकीशी ताटाएवढ्या चकत्यांचा टेपरेकॉर्डर. पेसीशेठने सांगितलं ते असं : त्याला एक लाँग प्ले रेकॉर्ड काढायची आहे. निम्मी जॅझ, निम्मी विजेची. मुंबईच्या वादकांचा पियानो आणि ड्रम भरून झालेत, यंत्रांचे आवाज भरून झालेत, आता वरून फक्त एक क्लॅरनेट पाहिजे. मुंबईचे क्लॅरनेटवाले हॉटेलातलं वाजवतात, ते त्याला नको आहे.

“आणि रेकॉर्डच्या कव्हरवर नाव येणार,” तो म्हणाला. “क्लॅरनेट, आणि पुढे तुझा नाव.”

महिपतीला खोलीतल्या वायरी दिसेनाशा झाल्या. वीस वर्षं वराती वाजवल्या, पण वरात वळणावर गेली की सूरही गेला. मागे राहील असं काही नव्हतं. आता राहणार होतं, आणि वर नाव असणार होतं.

पेसीशेठने टेप लावला. आधी नुसती गुणगुण आली, खालच्या पट्टीत, न थांबणारी. मग तिच्यावर कुईं, टुप्प, घुर्र असे आवाज, मग लांबून पियानो. मास्तराची वाद्यांची पेटी घेऊन आलेला भिमाजी दाराशी उकिडवा बसला होता, त्याने कान टवकारले. महिपतीने क्लॅरनेट उचललं आणि वाजवायला सुरुवात केली. बोटं अशी पळाली की पेसीशेठने टाळीच वाजवली. पण मग त्याने टेप थांबवला आणि दोन मुठी एकमेकींवर घासून दाखवल्या.

“बोट एकदम फर्स्ट क्लास. पण तुझा सूर आणि माझा सूर, दोघं भांडते. ऐकते तू? थरथर थरथर.”

महिपतीला ऐकू आलं होतंच. “शेठ, तुमचं यंत्र बेसूर आहे. हा सूर धड पांढरी पाच नाही, धड काळी चार नाही. पेटीवर असा सूरच नाही.”

“पेटीवर नाय, वायरीत हाय. हे मशीन नाय वाजवत. करंटचा आवाज हाय, बाहेरून भरून आणला. सगळा रेकॉर्ड त्याच्यावर उभा केला मी. आता तो हलवता नाय येत. तू जरा वर ये ना.”

“मी पांढरी पाच वाजवतो,” महिपती म्हणाला. “बेसूर वाजवायला मला येत नाही.”

हे वाक्य त्याला फार आवडलं. दोन क्षण दिवाणखान्यात तेच घुमत राहिलं, आणि मग दारातून भिमाजी हसला.

“आवो मास्तर, ह्यो तर आमचा तीन नंबर!”

“कोण तीन नंबर?”

“तीन नंबरचा ट्रान्सफारमर. शेठ, तुमी हे आमच्या तारंच्या कुंपणापाशी भरून आणलं न्हवं? गाडी घाट चढाय लागली की असाच गुणगुणतो ह्यो. बारा वर्सं झाली, मी रोज ह्याच्याच मांडीला मांडी लावून बसतोय.”

पेसीशेठने टेप पुन्हा सुरू केला. मग त्याने महिपतीच्या पेटीतलं जादा क्लॅरनेट उचलून सरळ भिमाजीच्या हातात दिलं. भिमाजीने मास्तराकडे पाहिलं. मास्तर आपलं क्लॅरनेट पुसायला लागला, तेव्हा भिमाजीने कांडं जरा आत दाबलं, डोळे मिटले आणि एकच सूर लावला. लांब, साधा. गुणगुणीत तो असा मिसळला की तो कुठे संपतो आणि ट्रान्सफॉर्मर कुठे सुरू होतो ते कळेना. थरथर नाही, काही नाही. अकरा वर्षं ज्याला मास्तरासकट सगळं मावळ चढा म्हणत होतं, तोच तो सूर.

पेसीशेठ खुर्चीवरून उठला. “हाच,” तो म्हणाला. “हाच, हाच, हाच.”

महिपती घरी आला तो तोंड न धुता पाटावर बसला. रतनबाईने ताट वाढलं. तो जेवेना, तेव्हा तिने काय झालं ते काढून घेतलं, आणि सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, “पोटात दुखतंय व्हय? ओवा दिऊ?”

“माजं कशाला दुखंल? मीच शिकवलंय त्येला.”

“मंग जेवा की.”

शिकवलं होतं हे खरंच. दुखत होतं हेही खरं. दुसऱ्या दिवसापासून महिपतीला बंगल्याच्या रस्त्याने जाण्याची कामं निघू लागली. कधी शिंप्याकडे लाल कोट टाकायचा, कधी तिकडच्या ओळखीच्या माळ्याला भेटायचं. बंगल्याशी आला की चपलेतला खडा काढायला थांबे. आतून भिमाजीचं क्लॅरनेट ऐकू येई. त्याला वाकड्या वाटा येत नव्हत्या, चार सुरांच्या पलीकडे तो जात नव्हता, पण ते चार सूर पेसीशेठ पुन्हा पुन्हा वाजवून घेई आणि मधेच “वा” म्हणे. महिपती ते ‘वा’ मोजे. एकदा त्याने कुंपणातून पाहिलं, तर भिमाजी गादीच्या खुर्चीत बसून कपबशीतून चहा पीत होता. आपल्याला त्या दिवशी व्हरांड्यात उभ्याने दिला होता, तोही पेल्यात. त्या कपाची कड निळी होती, हे पुढे कित्येक दिवस त्याच्या लक्षात राहिलं.

बाजारात तर काय, लोकांना निमित्तच पाहिजे. रेडिओ दुरुस्तीवाला हौशीराम दुकानातून हाक मारून विचारी, “काय मास्तर, तुमचा झांजवाला रेकॉर्डवर येतोय म्हणं?” महिपती हसून म्हणे, “माझाच शागीर्द तो.” आणि पुढच्या वळणावर त्याचं हसणं त्यालाच आंबट लागे. त्याला भिमाजी वाईट माणूस असता तर बरं वाटलं असतं. मग निदान चारचौघांत शिव्या तरी देता आल्या असत्या. हा येऊन जाऊन पाया पडायचा.

एके दिवशी भिमाजी घरी आला, ओट्यावर बसला आणि म्हणाला, “मास्तर, येत्या बेस्तरवारी भरायचंय. शेठला त्ये मोठं मशीन शुक्रवारी मुंबईला परत द्यायचंय, म्हून येकच दिस. तुमी पायजेल. मी शेठला सांगितलं, मास्तर न्हाईत तर मी न्हाई.”

“माझं काय काम तिथं?”

“मला तुमच्या हाताबिगर सुचत न्हाई,” भिमाजी म्हणाला. “छातीत धडधडतंय.”

आत चुलीपाशी रतनबाईने हे ऐकलं आणि नवऱ्याचा चेहरा पाहून ती नुसती मान हलवत राहिली.

गुरुवारी सकाळी दोघे बंगल्यावर गेले. महिपतीने आपलं क्लॅरनेट बरोबर घेतलं होतं. कशाला, असं रतनबाईने विचारलं तेव्हा तो म्हणाला, सवय. पेसीशेठने खिडक्यांना रजया लटकवल्या होत्या, म्हणजे गाड्यांच्या शिट्ट्या आत येऊ नयेत. मधल्या टेबलावर एक कागद होता आणि त्यावर रेकॉर्डच्या कव्हरचा मजकूर इंग्रजीत लिहिलेला. महिपतीला इंग्रजी अक्षरं लागत. क्लॅरनेट, आणि पुढे भिमाजीचं नाव. आडनावासकट.

पेसीशेठ यंत्रं तापवायला गेला. तेवढ्यात भिमाजीने आपलं जुनं क्लॅरनेट पेटीतून काढलं, कांडं ठरल्या जागी बसवलं, आणि मग क्लॅरनेटवाल्यांच्या ओळीत असताना वरात निघण्याआधी करायचा तसं ते दोन्ही हातांनी मास्तरापुढे धरलं.

“लावून द्या, मास्तर.”

खरं तर ते लागलेलं होतं. नुसतं हातात घ्यायचं, फुंकर मारायची आणि परत द्यायचं, एवढंच काम होतं. महिपतीला हे कळत होतं. त्याने क्लॅरनेट घेतलं, फुंकर मारली. सूर अगदी गुणगुणीतला आला. त्याच्या नजरेपुढे तो कागद होता, निळ्या काठाची कपबशी होती आणि पेसीशेठचे ते सगळे ‘वा’ होते. त्याने अंगठ्याने कांडं ओढलं. एक दोरा, दोन दोरे. पांढरी पाच. चांगली, शास्त्राला धरून पांढरी पाच. वीस वर्षं सगळ्यांना लावून देतो तीच तर लावली, असं त्याने स्वतःला तिथल्या तिथे सांगूनही टाकलं.

भिमाजीने हळूच फुंकून पाहिलं. त्याच्या भुवया वर गेल्या. त्याने महिपतीकडे पाहिलं, नीट, बराच वेळ. महिपती वायरींकडे बघत होता. मग भिमाजी माइकपुढे जाऊन उभा राहिला.

पहिल्यांदा वाजवलं तेव्हा पेसीशेठने हात वर करून थांबवलं. दुसऱ्यांदाही थांबवलं. भिमाजी ओठांनी सूर वर उचलायला बघत होता. वरातीत तो आपसूक वर सरके, पण तिथे तो असा लांब धरून ठेवावा लागत नसे. तो उचलला जाई, दोन क्षण टिके आणि घसरे, आणि घसरला की ती थरथर सुरू होई. पाचव्या खेपेला त्याच्या हनुवटीवर घाम आला, ओठ पांढरे पडले.

“काल तर होता!” पेसीशेठ ओरडला. “आज काय झाला तुला?”

“काय की, शेठ. माझा सूर पयल्यापासनंच बिगडल्याला.”

“अरे, मग ते वरचा तुकडा आत दाब ना थोडा!”

भिमाजीचा हात हलला नाही. “त्ये मास्तरांनी लावलंय,” तो म्हणाला.

“मग काय झाला?”

“मास्तरांनी लावल्यावर आमी हात लावत न्हाई.”

पेसीशेठला हे समजणं शक्यच नव्हतं. त्याने महिपतीकडे पाहिलं. सगळी खोली महिपतीच्या तोंडून एक शब्द निघण्याची वाट बघत होती. ‘दाब’ एवढंच म्हणायचं होतं. महिपतीने घसा खाकरला.

“तो दमलाय, शेठ,” तो म्हणाला. “मी वाजवतो.”

त्याने आपलं क्लॅरनेट काढलं, खिडकीकडे तोंड केलं आणि रजईच्या आडोशाने कांडं आत दाबलं. दोन दोरे. कुठवर दाबायचं ते शोधावं लागलं नाही. ‘बेसूर वाजवायला मला येत नाही’ हे त्याचं वाक्य याच दिवाणखान्यात बोललं गेलं होतं, पण त्याची आठवण करून देणारं तिथे कुणी नव्हतं. एक होता, तो दाराशी जाऊन उकिडवा बसला होता.

आणि मग महिपती वाजवायला लागला, आणि खोटं कशाला बोला, तो अप्रतिम वाजला. पहिलाच सूर गुणगुणीत विरघळला आणि त्याच्या अंगावर काटा आला. पायाखालून, छातीतून, दातांतून सूर येत होता. आपण फुंकतो आहोत की कुणी आपल्याला फुंकतो आहे ते कळेना. मग त्याने वाटा घ्यायला सुरुवात केली. सगळ्या वाकड्या वाटा, इन्स्टिट्यूटच्या खिडकीबाहेर उभं राहून जमवलेल्या, आणि कुठूनही घरी आलं तरी ती गुणगुण दार उघडून उभीच. एवढं सुख त्याला एकाही वरातीत मिळालं नव्हतं. आणि त्या सुखाच्या ऐन मध्यावर त्याच्या मनात आलं, की बारा वर्षं हे सुख भिमाजीला रोज मिळतंय, पाळीवर, आणि त्याचा पगारही मिळतोय. त्याला इतका संताप आला की शेवटचा सूर त्याने नुसता कापून काढला. पेसीशेठला तो शेवटच सगळ्यांत आवडला.

कागदावरचं नाव खोडून वर दुसरं लिहिताना पेसीशेठने भिमाजीकडे पाहिलं. भिमाजी म्हणाला, “मास्तरांचंच घाला. मास्तरच हाईत.” दोघे बरोबर परत आले. वाटेत भिमाजीने महिपतीची क्लॅरनेटची पेटी उचलून घेतली, नेहमीसारखीच.

रेकॉर्ड आली ती पावसाळा संपल्यावर. महिपतीने ती रतनबाईला दाखवली. तिने कव्हर उलटंसुलटं करून पाहिलं. “हितं तुमचं नाव हाय व्हय?” मग ती परत देत म्हणाली, “भिमाभावजींना दावली का?”

दाखवायची तर होतीच. खरं सांगायचं तर, ती दाखवायचीच महिपती दहा महिने वाट बघत होता. गेला हिवाळाभर जे आपल्या पोटात होतं ते एकदा तरी, एक घोटभर तरी, भिमाजीच्या तोंडावर त्याला बघायचं होतं. भिमाजी जळला असता तर हिशेब मिटला असता, मग महिपतीने त्याला क्लॅरनेटवाल्यांच्या ओळीत परतही घेतलं असतं. बाजारच्या दिवशी त्याने भिमाजीला हौशीरामच्या दुकानात नेलं. हौशीरामने तबकडी लावली. दुकानापुढे भाजीची पिशवी घेतलेले चार लोक थांबले, आणि यंत्रांची कुईंकुईं सुरू झाल्यावर त्यातले दोन निघून गेले.

मग क्लॅरनेट आलं. महिपती तबकडीकडे पाहतच नव्हता. तो भिमाजीचा चेहरा पाहत होता.

भिमाजीने डोळे मिटले होते. त्याची मान हळूहळू डोलायला लागली. मग कपाळाला आठी पडली, मग ती गेली, आणि मग त्याने डोळे उघडले.

“मास्तर,” तो म्हणाला, “चढा हाय.”

“काय?”

“तुमचा सूर. चढा हाय. केसभर. माजा असायचा तेवडाच.” तो पुन्हा ऐकू लागला. त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरत चाललं होतं, आणि त्यात कसलाही कडवटपणा शोधून सापडत नव्हता. “आनि ग्वाड लागतोय की वो! मंजी मास्तर... मंजी मी बराबर व्हतो? अकरा वर्सं?”

हौशीराम महिपतीकडे बघायला लागला. महिपतीने सुई उचलून ठेवायला सांगितलं. म्हणाला, तबकडीला चरे पडतात.

त्या दिवशी घरी आल्यावर रतनबाईने ओवा विचारला नाही. महिपती ओट्यावर बसून राहिला. नाव आपलं, तबकडी आपली, वाजवणं आपलं, आणि तरीही बाजारातून पोट भरून घरी गेला तो भिमाजी. ज्याचा एवढा हेवा केला त्याला आपला तिळभरही हेवा वाटू नये, याचं त्याला रडू यायचं बाकी होतं.

पुढच्या वैशाखात उर्स्याला लग्न होतं. बँड घोरावाडीला गाडीतून उतरला आणि चालत गावात गेला. मांडवापुढे सगळ्यांनी लाल कोट चढवले. घोडा आला होता, नवरदेवाच्या मुंडावळ्या बांधून झाल्या होत्या, आणि महिपती नेहमीप्रमाणे क्लॅरनेटवाल्यांच्या ओळीपुढून निघाला. पहिल्याने वाद्य पुढे धरलं, त्याने लावून दिलं. दुसऱ्याने धरलं, लावून दिलं. ओळीच्या शेवटी भिमाजी उभा होता. झांज त्याने खाली पायाशी ठेवली होती आणि हातात त्याचं जुनं क्लॅरनेट होतं.

महिपतीला बोलायचं होतं, की ही कुणाची परवानगी. पण ओळीतले सगळे बघत होते, आणि सवयीने त्याचा हात पुढे झालाच होता.

भिमाजीने क्लॅरनेट छातीशी धरलं.

“ऱ्हाऊ द्या, मास्तर. लावल्यालं हाय.”

“कुणी लावलं?”

“तुमीच की. रेकॉर्डात लावलंय तसंच लावलंय म्या. पांढऱ्या पाचापासनं दोन दोरे आत.” भिमाजीचा आवाज नेहमीचाच होता, मवाळ, पाया पडताना असायचा तसा. “त्या दिशी तुमी भाईर वढलं, तवाबी मी मोजलं व्हतं. दोनच व्हते.”

महिपतीचा हात तसाच पुढे राहिला. मागून कुणी तरी ओरडलं, “मास्तर, चला की, म्हूर्त टळंल!” भिमाजीने क्लॅरनेट ओठांना लावलं आणि मास्तरांच्या इशाऱ्याची वाट बघत ओळीत उभा राहिला.